पोराला दोन क्लबांनी बोलावलंय. गोव्यातल्या आणि देशातल्या डिव्हिजनांचं गणित कोणी समजावेल का?

सत्तरीची_आई (वाळपई)

नमस्कार मंडळी. फुटबॉलच्या धाग्यावर आईने लिहिणं तुम्हाला नवीन वाटेल, पण घरात विचारायला कोणी नाही. यजमान क्रिकेटवाले, आणि माझा भाऊ अजून जुन्या साळगावकर क्लबच्या काळातच वावरतो.

मुलगा अठराचा, साखळीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. डावखुरा आहे, लेफ्ट बॅक खेळतो, म्हणजे मागे डाव्या बाजूला बचाव. शाळेत असताना सुब्रतो कपच्या तालुका फेऱ्या खेळला, मग गावोगावच्या स्पर्धा. उसगावच्या बाजूला अशाच एका स्पर्धेत दोघांनी त्याला हेरलं. एक फोंड्याकडचा क्लब, फर्स्ट डिव्हिजनवाला. ते म्हणतात सीनियर टीममध्ये घेतो, नोंदणी आमच्याकडे लागली. पैसे नाहीत, बसचं भाडं आणि मॅचनंतर खाणं देऊ. दुसरा प्रो लीगमधला मोठ्या नावाचा क्लब. ते म्हणतात अंडर-ट्वेंटीच्या चाचणीला पाठवा, जमला तर ठेवू, सीनियरचं पुढचं पुढे.

यजमान म्हणतात मोठं नाव सोडू नये. भाऊ म्हणतो, "मोठं नाव कसलं, साळगावकर देशाचा चॅम्पियन होता, आता दिसतो का कुठे?" मला तर फर्स्ट डिव्हिजनच्या वर प्रो लीग कशी काय असते इथूनच घोळ आहे. तर विचारते:

ह्या फर्स्ट डिव्हिजनमधून टीव्हीवर दिसतं त्या आयएसएलपर्यंत किती पायऱ्या? आपले क्लब आज कुठल्या पायरीवर आहेत? आणि खालच्या क्लबात एकदा सही केली की पोरगा तिथेच अडकतो, असं एकजण म्हणाला, ते खरं का?

किटबॅगवाला (फोंडा)

ताई, मी फोंडा तालुक्यातल्या एका क्लबाचा टीम मॅनेजर. मॅनेजर म्हणजे टीव्हीवर रेषेपाशी उभा राहून ओरडतो तो नव्हे, तो कोच. मी किटबॅग उचलतो, बाटल्या भरतो, पोरांची कार्डं सांभाळतो आणि रेफ्रीच्या कागदावर सही करतो. बाकी दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात असतो. तुम्हाला बोलावणारा क्लब आमचा नव्हे असं धरून चाला, म्हणजे मला मोकळेपणाने लिहिता येईल.

आधी उतरंड सांगतो. देशात सगळ्यात वर इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, २०१४ मध्ये सुरू झालेली. गोव्यातून तिथे एकटा एफसी गोवा. तिच्या खाली आय-लीग. २०२४-२५ च्या हंगामात तिथे आपले दोन होते, चर्चिल ब्रदर्स आणि धेंपो. तिच्या खाली आय-लीग टू, त्याच्याही खाली आय-लीग थ्री. नावात तीन असलं तरी मोजायला गेलात तर ती चौथी पायरी. त्याखाली प्रत्येक राज्याची आपापली लीग. आपल्याकडे गोवा फुटबॉल असोसिएशनची प्रो लीग सगळ्यात वर, मग फर्स्ट डिव्हिजन, मग सेकंड, मग थर्ड. अगदी खाली जवळजवळच्या गावांचे क्लब गट पाडून खेळतात, कारण काणकोणच्या क्लबाने थर्ड डिव्हिजनच्या एका मॅचसाठी पेडण्याला जायचं म्हटलं तर अर्धी टीम कामावरून सुटणारच नाही.

म्हणजे फर्स्ट डिव्हिजनमधून आयएसएल पाच पायऱ्या वर. प्रो लीग, थ्री, टू, आय-लीग, आयएसएल. आकडा ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असेल तर आता खरी गोष्ट ऐका. ह्या पायऱ्या क्लब चढतो. पोरगा चढत नाही. पोराला बघणारा माणूस मैदानावर आला आणि त्या दिवशी पोरगा नव्वद मिनिटं खेळत असला, तर तो फर्स्ट डिव्हिजनमधून थेट वर कुठेही जाऊ शकतो. आणि बाकावर बसलेला असला तर क्लब कितव्या पायरीवर आहे ह्याला काडीची किंमत नाही.

तुमच्या पोराच्या जागेचंच उदाहरण घ्या. मंदार राव देसाई. डावखुरा, धेंपोत विंगवर, म्हणजे पुढे कडेने, खेळायचा. एफसी गोवात गेला, तिथे सर्जिओ लोबेरा कोच असताना त्याला मागे आणून लेफ्ट बॅक केला, २०१९ मध्ये भारताकडून खेळला, मग मुंबई सिटीबरोबर २०२०-२१ मध्ये आयएसएल जिंकला. धेंपो पुढे २०१६ मध्ये देशाच्या लीगमधून बाहेर पडला. क्लब खाली गेला, खेळाडू वर. दोघांचे रस्ते वेगळे आहेत ते असे. आणि डाव्या पायाच्या बॅकला आपल्याकडे कायम मागणी असते. आम्ही दरवर्षी शोधतो आणि शेवटी उजव्या पायाच्या एखाद्या गरीब पोराला तिकडे उभा करतो.

आता क्लब वर कसे जातात ते. कागदावर सरळ आहे, जिंकला तो वर. फर्स्ट डिव्हिजन जिंकलात की प्रो लीग. प्रो लीगमध्ये वर आलात की राज्य असोसिएशन तुमचं नाव आय-लीग थ्रीसाठी पाठवू शकते. पण पुढे प्रत्येक ठिकाणी परवाना आहे. मैदान कसलं, कोचकडे कुठलं लायसन्स, तरुणांच्या टीम किती, हिशेब तपासलेला आहे का, पगार थकलेत का. हे सगळं असायलाच हवं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्यासारख्या क्लबाचा खजिनदार आय-लीग थ्री म्हटलं की घाम पुसतो, कारण वीस-बावीस माणसं परराज्यात न्यायची, आठवडाभर ठेवायची, आणि प्रायोजक म्हणजे गावातला एक बारवाला आणि एक टाइल्सवाला. गोव्यात असे क्लब आहेत ज्यांना वर जायची भीतीच वाटते. जिंकायला नको असं कोणी बोलत नाही, पण हंगामाच्या शेवटी कमिटीचे चेहरे बघावेत.

फर्स्ट डिव्हिजन म्हणजे नक्की काय असतं ते तुम्हाला डोळ्यांपुढे यावं म्हणून एक प्रसंग. सप्टेंबर, पाऊस अजून गेलेला नाही, गोलपोस्टपुढे डबकं. मॅचआधी रेफ्री पोरांना ओळीत उभं करून कार्डावरचा फोटो आणि तोंड जुळवतो, मग वाकून नडगी चाचपतो. शिन पॅड नसला की मैदानात पाय ठेवता येत नाही. आमचा एक पोरगा कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेला, पॅड घरी. मी बाजूच्या दुकानातून बिस्किटांचा खोका आणला, कटरने दोन पट्ट्या कापल्या, त्याने मोज्यात सारल्या. रेफ्रीने चाचपलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "हाफटायमाक खरे हाड." म्हणजे हाफटायमला खरे आण. अर्ध्या वेळेपर्यंत त्या पट्ट्यांचा लगदा झाला होता. दुसऱ्या अर्धात बदलून बाहेर आलेल्याचे पॅड त्याला चढवले. त्या पोराने त्या दिवशी समोरचा विंगर खिशात घातला होता. तुमच्या मुलाला हे आवडेल का, विचारा. नाही आवडलं तर त्यात लाज नाही, पण मग फर्स्ट डिव्हिजन त्याच्यासाठी नाही.

अंडर-ट्वेंटीबद्दल. वाईट नाही. रिलायन्स फाउंडेशनची डेव्हलपमेंट लीग २०२२ पासून चालू आहे, तिची पहिली खेप गोव्यातच झाली होती. तो मोठा क्लब तिथे खेळत असेल तर आयएसएल क्लबांच्या तरुण टीमांशी गाठ पडते, बघणारी माणसं येतात. म्हणून फोनवर एवढंच विचारा: गेल्या हंगामात तुमच्या अंडर-ट्वेंटीने कुठकुठल्या स्पर्धेत किती मॅच खेळल्या, आणि तिथून सीनियरमध्ये किती पोरं गेली? सरळ उत्तर आलं तर पाठवा चाचणीला. "बघूया, करूया" आलं तर काय ते समजा. आणि एक गोष्ट कोणी तुम्हाला सांगणार नाही. अंडर-ट्वेंटीत तुमच्या पोराकडे दीड-दोन वर्षंच उरलीत. चौदाव्या वर्षी घेतलेली पोरं तिथे आधीच आहेत, कोच त्यांना नावाने ओळखतो. साखळीची सेसा फुटबॉल अकादमी तुमच्या दाराशी होती, पण तिथली निवडही लहान वयात होते.

अडकण्याबद्दल. नोंदणी आता ऑनलाइन, देशभराची एकच यंत्रणा, सगळे सीआरएस म्हणतात. एका वेळी एकाच क्लबात नाव राहतं. बदलायचं तर ठरलेल्या मुदतीत आणि आधीच्या क्लबाच्या संमतीने. म्हणून सही करण्याआधी कागद किती हंगामांचा आहे ते बघा. बिनपगारी असेल तर एकाच हंगामाचा करा, आणि तोंडी नको, लिहून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका पोराला त्याच्या क्लबाने ना खेळवलं ना सोडलं. सेक्रेटरी फोन उचलत नव्हता आणि मुदत टळून गेली. ते वर्ष तो वाड्यावरच्या स्पर्धा खेळत राहिला, नि तिथेही चोरून, कारण मान्यता नसलेल्या स्पर्धांत नोंदणी झालेल्यांनी खेळू नये अशी असोसिएशनची ताकीद असते.

साळगावकर वास्कोचा क्लब, भावाला त्याच्याबद्दल कोणीतरी वास्कोवाला सांगेलच. ते लोक वाटच बघत असतात.

बायणाबाय (वास्को)

वाट बघत होतो, खरं आहे.

ताई, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. साळगावकर गेलेला नाही. गोव्यातच खेळतो, प्रो लीगमध्ये, गोव्याची तरुण पोरं घेऊन. देशाच्या लीगमध्ये मात्र नाही. आणि तिथून कोणी त्याला हरवून खाली ढकललेला नाही, तो स्वतः बाहेर पडला. हे आजच्या पोरांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं रेलिगेट झाला.

१९८८ मध्ये फेडरेशन कप जिंकणारा गोव्यातला पहिला क्लब साळगावकर. पुढच्या वर्षी परत. नॅशनल लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची देशाची लीग, १९९८-९९ मध्ये, तीही गोव्यात पहिलीच. ब्रह्मानंद शंखवाळकर याच क्लबाचा गोलकीपर आणि भारताचा कॅप्टन. मग २०१०-११ मध्ये करीम बेंचरिफा कोच असताना आय-लीग. आता हे बघा: २००६-०७ धेंपो, पुढच्या वर्षी धेंपो, मग चर्चिल, परत धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सलग सात वर्षं देशाची ट्रॉफी ह्या एवढ्याशा राज्याबाहेर गेली नाही! कोलकात्यावाले दात-ओठ खात होते. २००८ मध्ये धेंपो एएफसी कपच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत गेला, भारतातला कुठलाच क्लब त्याआधी तिथवर पोचला नव्हता. आर्मांदो कुलासो कोच, रँटी मार्टिन्स पुढे, बेटो मध्ये, मागे महेश गवळी आणि समीर नाईक. अर्धी टीम आपल्या गावातल्या पोरांची.

मग २०१६. देशाच्या फुटबॉल फेडरेशनने बेत मांडला की आयएसएल वर, आय-लीग तिच्या खाली, आणि खालच्याने जिंकलं तरी वर जायला वाट नाही. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा, तिघेही एकदम बाहेर पडले. धेंपो तर त्याच वर्षी आय-लीगची सेकंड डिव्हिजन जिंकून परत वर आला होता. आला आणि निघाला. मला विचाराल तर बरोबर केलं त्यांनी. जी मॅच जिंकूनही काही मिळणार नाही ती कशाला खेळायची? पण त्याचा फटका कोणाला बसला? तिलक मैदानावर तिकीट काढून बसणाऱ्या आम्हाला. आज मोठ्या मॅचसाठी मडगावच्या फातोर्ड्याला जायचं आणि एफसी गोवाची नारिंगी जर्सी घालून बसायचं. बसतो. टाळ्याही वाजवतो. पण वास्कोच्या माणसाने मडगावात जाऊन "आमचा क्लब" म्हणायचं म्हणजे जरा घशात अडकतं.

आणि माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तिथेच ह्या गोष्टीची सुरुवात झाली. क्लब चालत होते खाणीच्या पैशावर. ट्रक थांबले, क्लबाचं बजेट आटलं, त्यात फेडरेशनने निमित्त दिलं.

डिचोलीचो_पुणेकर (पुणे, मूळ डिचोली)

बायणाबाय, खाणीचं अर्धंच खरं. धेंपोनी खाण २००९ मध्येच सेसा कंपनीला विकली होती, आणि त्यानंतर दोनदा, २००९-१० आणि २०११-१२ मध्ये, आय-लीग जिंकली. म्हणजे खाण नसतानाही चालवत होते. शिवाय २०१४ मध्ये एफसी गोवा निघाला तेव्हा त्याच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर घराण्यांतली माणसं होतीच. पैसा आटला नव्हता, त्याने दिशा बदलली.

आणि गोव्यातले क्लब निदान जिवंत आहेत हो. आमच्याकडे बघा. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये चर्चिलच्या मागोमाग दुसरा आला होता. बालेवाडीला मी स्वतः जायचो. २०१५ नंतर क्लबच नाही. आयएसएलमध्ये २०१४ ला एफसी पुणे सिटी आला होता, २०१९ मध्ये तोही संपला, त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबईची महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये देशाची चॅम्पियन, २०१० मध्ये बंद. पंजाबची जेसीटी, १९९६-९७ ची पहिलीच नॅशनल लीग जिंकलेली, तीही २०११ मध्ये बंद. डिव्हिजन कुठली ह्याचा काही संबंध नाही, कंपनीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी पेनाने रेघ मारली की झालं. साळगावकरने सीनियर टीम मोडली नाही, लहान पोरांच्या टीम मोडल्या नाहीत, प्रो लीगमध्ये उतरला. ह्याला मी तरी माघार म्हणणार नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाशी ह्याचा संबंध एवढाच की मोठं नाव बघून पोराचं आयुष्य बांधू नका. नाव राहतं, टीम राहीलच असं नाही.

बायणाबाय (वास्को)

धेंपोचं ठीक. साळगावकरचं खाण हेच होतं, माझं म्हणणं तिथे कायम आहे.

नंबर_बारा (म्हापसा)

मी एकविसाचा, सध्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये खेळतो, राइट बॅक. त्याआधी एका मोठ्या क्लबाच्या अंडर-ट्वेंटीत होतो, नाव सांगत नाही.

तिथे काय चांगलं होतं ते आधी. फिजिओ होता. धुळेरच्या टर्फवर सराव, चेंडू सगळे नवे, आणि सराव वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपायचा. खाणं कसं खावं हे मला तिथे कळलं, तोवर मी मॅचआधी पुरी-भाजी दाबून जायचो. कोचही वाईट नव्हता. पण माझ्या जागेवर दोघेजण आधीचे, आणि मला मिळायची शेवटची दहा मिनिटं, तीही आपण पुढे असलो तर. दहा मिनिटांत बॅक काय दाखवणार? चेंडू आला तर मारून बाहेर काढायचा. घरी सगळ्यांना सांगायला बरं वाटायचं, आते तर लग्नाच्या जेवणात ओळख करून द्यायची त्या क्लबाच्या नावाने.

आता फर्स्ट डिव्हिजनला आल्यावर पहिल्या मॅचमध्ये समोर पस्तीस वर्षांचा माणूस विंगवर. सुटलेलं पोट. म्हटलं हा काय पळणार. पळाला नाहीच तो. उभ्या उभ्या मला दोनदा चुकवून गेला, खांदा असा टेकवायचा की फाउलही दिसत नाही. पूर्वी प्रो लीग खेळलेला, आता वीज खात्यात. अंडर-ट्वेंटीत सगळे माझ्याच वयाचे, असलं काही तिथे भेटत नाही.

ताई, एक अडचण मात्र खरी आहे आणि ती डिव्हिजनची नाही, बसची आहे. सराव संपतो साडेसहा-सातला. फोंड्याहून वाळपईची शेवटची कदंबा बस कधी आहे ते आत्ताच बघा. आमच्या टीममधला सत्तरी तालुक्यातला एक पोरगा ह्याच कारणाने सुटला. चांगला स्ट्रायकर होता. रोज कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून किती दिवस येणार? पावसात घाटाच्या बाजूची हवा, अंगावर ओले कपडे. क्लबाला विचारा, परतायची सोय करता का.

आणि बायणाबाय, वर जायला वाट नाही हे जुनं झालं. पंजाब एफसी २०२३ मध्ये आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेला, पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग.

बायणाबाय (वास्को)

बाबा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी? चर्चिल २०२५ मध्ये चाळीस गुणांवर पहिला, इंटर काशी एकोणचाळीसवर. एका खेळाडूच्या पात्रतेवरून वाद, फेडरेशनच्या अपील समितीने चर्चिलला चॅम्पियन केलं, ट्रॉफीसुद्धा दिली. मग प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापुढे, आणि जुलैमध्ये निकाल: चॅम्पियन इंटर काशी. वर गेले काशीवाले. कायद्याने बरोबरच असेल, मी वकील नाही. पण लीग एप्रिलमध्ये संपते आणि पहिला कोण ते पावसाळ्यात कळतं, असली लीग मी तरी पाहिली नव्हती. वाट आहे म्हणतोस, ती मैदानावरून कोर्टात जाते की कोर्टातून मैदानात, तेवढं सांग.

किटबॅगवाला (फोंडा)

दोघेही दम घ्या. ताईंचा धागा आहे.

नंबर बाराने लिहिलंय ते पोराला वाचून दाखवा, माझ्या पल्लेदार पुराणापेक्षा ते कामाचं. बसचा मुद्दा मी विसरायला नको होता असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर आम्ही कमिटीवाले तो मुद्दाम काढत नाही, कारण उत्तर खिशाला लागतं. तुम्ही काढा. डावखुरा बॅक हवा असेल तर देतील सोय. एखादा खेळाडू उसगाव-होंड्याच्या बाजूचा असतोच, त्याच्या गाडीचं पेट्रोल क्लबाने भरायचं, एवढी साधी गोष्ट आहे.

धेंपोच्या बाबतीत एक भर घालतो. तो बाहेर पडला आणि बसून राहिला नाही. इतक्या वर्षांनी खालून सुरुवात करून आय-लीग टूमध्ये दुसरा आला आणि २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतला, तोही बहुतेक गोंयकार पोरं घेऊन. ती पोरं कुठून आली? प्रो लीगमधून, आणि प्रो लीगमध्ये ती आली आमच्यासारख्यांकडून. आमच्या कार्डांच्या डब्यात जुने फोटो आहेत, त्यातले दोन-तीन चेहरे आता टीव्हीवर दिसतात. त्यांच्या मुलाखतीत आमच्या क्लबाचं नाव येत नाही ती गोष्ट वेगळी.

सत्तरीची_आई (वाळपई)

सगळ्यांचे आभार. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. भावाने बायणाबाय यांचं उत्तर वाचलं आणि लगेच त्यांचा नंबर मागायला लागला, मी दिला नाही, माझ्याकडे नाहीच.

काल दोन्हीकडे फोन केला. मोठ्या क्लबातल्या गृहस्थांना किती मॅच खेळलात विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे सिस्टीम आहे." परत विचारलं, परत सिस्टीम. फोंड्याच्या क्लबवाल्यांना बसचं विचारलं, ते थोडा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, होंड्याचा एकजण आहे त्याच्याशी बोलून सांगतो. संध्याकाळी त्या मुलाचाच फोन आला, "काकी, मी आणतो-पोचवतो, फक्त सकाळी परीक्षा असली तर आदल्या दिवशी सांगा."

पोरगा चाचणीलाही जाणार म्हणतोय, हौस म्हणून. गेला तर फोंड्याच्या क्लबाला राग येईल का? आणि नोंदणीला कागद काय काय लागतात? त्याच्या जन्मदाखल्यावर आडनाव जुन्या पोर्तुगीज वळणाचं 'गांवकार' असं पडलंय, आधारवर 'गावकर' आहे.

किटबॅगवाला (फोंडा)

चाचणीला जाऊ दे, सही करेपर्यंत कोणाला राग यायचं कारण नाही. मात्र फोंड्यावाल्यांना आधी सांगून जा, दुसऱ्याकडून कळलं की वाईट दिसतं.

कागद: जन्मदाखला, आधार, फोटो, आणि डॉक्टरचं फिटनेसचं पत्र मागितलं तर तेही. दाखला पालिकेचा किंवा पंचायतीचा, शाळेचा चालवून घेऊ असं कोणी म्हणालं तरी मूळचाच द्या. आडनावाचा घोळ आधी निस्तरा. आमच्याकडे दर हंगामात एक तरी 'नायक-नाईक' किंवा 'पोरोब-परब' अडकतो आणि मग ऐन वेळी धावपळ. आधार दाखल्याप्रमाणे करून घेणं सोपं पडतं, दाखला बदलायला गेलात तर नोंदणीची मुदत निघून जाईल. उद्याच वाळपईच्या आधार केंद्रावर जा, पोराला घेऊन, आणि जन्मदाखल्याची मूळ प्रत बरोबर ठेवा. कॉलेजच्या कागदांवरचं स्पेलिंगही तेच आहे का तेवढं बघून घ्या, नाहीतर विद्यापीठाच्या स्पर्धांत परत तोच तमाशा.